स्मरणचित्राचें प्रामाण्य

१. जुन्या कागदांचा संग्रह करणाऱ्यांच्या हातीं दफ्तराबरोबर कधीं कधीं असा एखादा कागद येतो कीं, ज्यावर अक्षर थोडें आणि रेघा फार. कोणीतरी आपलें लहानपणचें घर, गल्ली, देऊळ किंवा नदीचा घाट शाईनें काढून ठेविलेला असतो. बहुतेक संग्राहक असा कागद कौतुकानें पाहतात आणि बाजूस सारतात. कारण तें पत्र नव्हे, हिशेब नव्हे, नकाशाहि नव्हे. कांहीं जण उलट टोकास जातात आणि ‘प्रत्यक्ष पाहणाराचें चित्र’ म्हणून तो जसाच्या तसा पुरावा धरतात. प्रस्तुत लेखकाच्या मतें दोन्ही प्रकार चुकीचे आहेत. स्मृतीवरून काढलेलें शाईचें चित्र अस्सल पत्राच्या वर्गांतलें नसून बखरीच्या वर्गांतलें साधन आहे. आणि बखरीस जी कसोटी आपण लावतों तीच त्यास लावली, तर त्यापासून स्थानिक इतिहासास पुष्कळ लाभ होण्याजोगा आहे, एवढेंच येथें दाखवावयाचें आहे.

२. प्रथम वर्गवारी केली पाहिजे. अठराव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत पुण्याचा इंग्रज रेसिडेंट चार्ल्स मॅलेट याच्या आश्रयास असलेल्या गंगाराम तांबट यानें वेरूळच्या लेण्यांचीं चित्रें काढलीं. तीं समक्ष वस्तु पाहून काढलेलीं होत. रेघ चुकली असें वाटलें तर मान वर करून पुन्हां पाहण्याची सोय त्यास होती. स्मरणचित्र काढणारास ती सोय नसते. त्याच्यापुढें वस्तु नसून वस्तूची आठवण असते, आणि मधल्या वीस-तीस वर्षांत ती आठवण कितीदां हाताळली गेली याचा हिशेब त्यालाहि देतां येत नाहीं. समक्ष-चित्र आणि स्मरणचित्र यांतलें हें अंतर, घडलेल्या दिवशींच लिहिलेलें बातमीपत्र आणि पुढें कोणाच्या आज्ञेवरून लिहिलेली बखर यांतल्या अंतराएवढेंच आहे. राजवाड्यांनीं १८९८ सालीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ याचा पहिला खंड प्रसिद्ध केला, तेव्हां पानिपतच्या प्रकरणीं पत्रें समोर ठेवून बखरींची कशी झडती घेतली, हें वाचकांस विदित आहेच. त्या झडतींत बखरी मिति-वारांच्या कामीं लंगड्या ठरल्या. तथापि बखरी कोणी जाळून टाकल्या नाहींत. कारण बोलण्याचालण्याची रीत, मानपानाचा क्रम, लोकांच्या मनांत काय ठसलें, या गोष्टी बखरींत सांपडतात त्या पत्रांत सांपडत नाहींत.

३. ‘स्मरणचित्र’ हा शब्द आपल्याकडे चित्रकलेच्या सरकारी परीक्षांमुळें रूढ झाला. एलिमेंटरी व इंटरमिजिएट या परीक्षांस बसलेल्या कोणासहि तो विषय आठवेल : पाणवठा, बाजार, बैलगाडी असा विषय द्यावयाचा आणि समोर कांहीं नसतां मुलानें तो काढावयाचा. या शिक्षणाचा मोठा पुरस्कर्ता एकोणिसाव्या शतकांतील पॅरिसचा चित्रकला-शिक्षक लेकॉक द ब्वाबोद्रां हा होय. वस्तु पाहून झाल्यावर ती नजरेआड करून काढण्याचा सराव तो विद्यार्थ्यांकडून करवीत असे, आणि रोदँसारखा शिल्पकार त्याच्या हाताखालीं शिकला. म्हणजे स्मरणशक्ति ही शिकविण्याची व सुधारण्याची गोष्ट आहे, हें चित्रकारांस फार दिवसांपासून ठाऊक आहे. इतिहाससंशोधकांस ठाऊक व्हावयास हवी ती गोष्ट पुढची : ती चुकते तेव्हां वाटेल तशी चुकत नाहीं, कांहीं एका रीतीनें चुकते.

४. आतां शाईविषयीं. स्मरणचित्र पेन्सिलीनें, रंगांनीं किंवा टांकानें काढतां येतें. परंतु आपल्या कामास टांक-शाईचें चित्र सर्वांत उपयोगी, असें माझें म्हणणें आहे. कारण साधें आहे. रंगाच्या पाण्याखालीं अज्ञान झांकतां येतें. जिन्यास पायऱ्या किती होत्या हें आठवत नसेल तर चित्रकार तेथें सावली टाकतो आणि सुटतो. पेन्सिलीची रेघ पुसट ठेवतां येते. टांकास ती सवलत नाहीं. काळी रेघ एकतर आहे किंवा नाहीं. पायऱ्या पांच तरी काढाव्या लागतात किंवा सात तरी. शाईनें काढणारा जागोजागीं निश्चित विधान करीत जातो, आणि निश्चित विधान तपासतां येतें. जो साक्षीदार ‘असेल, नसेलहि’ असें बोलतो त्याची उलटतपासणी होत नाहीं. जो ‘पायऱ्या सात होत्या’ म्हणतो त्याची होते, आणि तो खोटा पडला तरी त्या खोट्यांतून कांहीं हातीं लागतें.

५. या दृष्टीनें आपल्या भागांतील सर्वांत मोठें उदाहरण गोव्याच्या मारिओ मिरांडा यांचें आहे. त्यांचा जन्म २ मे १९२६ रोजीं दमण येथें झाला. बालपण सासष्टींतील लोटली गांवीं वडिलोपार्जित मोठ्या घरांत गेलें. आणि त्याच गांवीं ११ डिसेंबर २०११ रोजीं ते वारले. लहानपणीं ते घराच्या भिंतींवर चित्रें काढीत, म्हणून आईनें त्यांस एक कोरी वही आणून दिली, असें त्यांच्या चरित्रांत नमूद आहे. त्या वहीपासून रोजनिशींत चित्रें काढण्याची जी सवय लागली तिचीं फळें म्हणजे १९४९, १९५० आणि १९५१ या सालांच्या रोजनिशा. त्या आतां पुस्तकरूपानें प्रसिद्ध झालेल्या आहेत. पुढें मुंबईंत वृत्तपत्रांचा व्यवसाय करीत असतां त्यांनीं गोव्याचीं असंख्य चित्रें काढलीं. मनोहर माळगांवकर यांच्या १९८२ सालच्या गोव्यावरील इंग्रजी पुस्तकास त्यांचींच चित्रें आहेत. तेव्हां एकाच हाताचें, एकाच प्रदेशाविषयीं, दोन प्रकारचें साधन आपणांपुढें आहे : मितीवार काढलेली रोजनिशी आणि मागाहून आठवून काढलेलें चित्र. असा योग साधनांच्या चिकित्सेंत क्वचित् येतो.

६. दोन्ही शेजारीं ठेवून पाहिलें असतां तीन फरक दिसतात. पहिला : रोजनिशींतील माणसें व्यक्ति आहेत. अमक्या दिवशीं अमका पाहुणा आला, अमक्याच्या लग्नांत वाजंत्री अशी होती, अशा नोंदी तेथें आहेत. मागाहूनच्या चित्रांत व्यक्तीचा वर्ग झाला आहे. तीच लठ्ठ बाई, तोच पाद्री, तेंच रस्त्यांतलें कुत्रें, तोच सज्ज्यांत बसलेला म्हातारा पुन्हां पुन्हां येतो. ही चित्रकाराची सवय असेल, व्यंगचित्राची गरजहि असेल. परंतु स्मृतीचें कामहि असेंच चालतें. ती शंभर पाद्र्यांचा मिळून एक पाद्री ठेवते.

दुसरा फरक दाटीचा. मागाहूनच्या चित्रांत रिकामी जागा म्हणून नाहीं. चर्च, दारूचें दुकान, पाव विकणारा पोदेर, मासे विकणारी, डुकरें, कोंबड्या, खिडकींतून डोकावणाऱ्या मुली, सर्व एका चौकटींत. खरें गांव असें नसतें. दुपारच्या वेळीं तर तें ओसाडच असतें. म्हणजे पहांटेचा पोदेर आणि संध्याकाळची बैठक यांना चित्रानें एकाच क्षणीं आणून उभें केलें आहे. बखरकार चार वर्षांच्या मसलती एका दरबारांत घडवून आणतो, तसेंच हें. अशा चित्रावरून अमक्या सालीं अमक्या वेळीं त्या जागीं काय होतें हें ठरवूं जाणारा फसेल. परंतु पोदेर पाव कशांतून आणीत असे, सज्ज्याच्या बांकावर कोण कोठें बसे, हें विचारणारा फसणार नाहीं.

तिसरा फरक चित्रकाराच्या श्रेयाचा आहे आणि तो सांगितलाच पाहिजे. मोठ्या घरच्या मुलानें आठवून काढलेल्या गांवांत बहुधा मोठें घरच भरून राहतें. मिरांडांच्या चित्रांत तसें होत नाहीं. रस्त्यावरचीं, बाजारांतलीं, होडीवरचीं माणसें घराइतकीच जागा घेतात. त्यांच्या चित्रांस केवळ विनोदी म्हणून बाजूस टाकणें म्हणूनच अन्यायाचें होईल. तारखेच्या कामीं १९५१ ची रोजनिशी प्रमाण. रीतीच्या कामीं मागाहूनचें चित्रहि प्रमाण. हा निवाडा पत्र आणि बखर यांच्या निवाड्याहून वेगळा नाहीं.

७. परदेशांत या प्रश्नाची प्रत्यक्ष मोजणी झालेली आहे. इटलींतील पोंतितो या डोंगरी गांवीं १९३४ सालीं जन्मलेला फ्रांको मान्यानी हा पुढें अमेरिकेंत सॅन फ्रॅन्सिस्कोस स्थायिक झाला, आणि तेथें बसून तो आपलें गांव केवळ आठवणीनें रंगवूं लागला. १९८८ सालीं त्या शहरांतील एक्स्प्लोरेटोरियम या संस्थेनें त्याचीं चित्रें मांडलीं, तीं एकटीं नव्हेत, तर सुसान श्वार्टझेनबर्ग या बाईंनीं पोंतितोस जाऊन शक्य तितक्या त्याच जागांवरून घेतलेल्या छायाचित्रांसह. मांडणी थक्क होण्याइतकी जुळली. प्रमाणें मात्र जुळलीं नाहींत. आणि एका जागेवरून एकदम न दिसणाऱ्या वस्तु एका चित्रांत आलेल्या आढळल्या. मान्यानीच्या गांवांत माणसेंहि जवळजवळ नाहींत, मिरांडांच्या अगदीं उलट. म्हणजे स्मृति कोणाची दाटी करते, कोणाची ओसाडी. परंतु वस्तूंचा परस्परक्रम दोघांचाहि टिकतो.

केंब्रिजच्या बार्टलेट यानें १९३२ सालच्या आपल्या ग्रंथांत याहून आपल्या कामाचा एक प्रयोग दिला आहे. एक आकृति एकानें पाहून आठवणीनें काढावयाची, ती दुसऱ्यानें पाहून काढावयाची, अशी परंपरा चालविली असतां मुळांतल्या घुबडाच्या आकृतीचें शेवटीं मांजर झालें. पोथ्यांच्या नकला तपासणारांस यांत नवल वाटणार नाहीं. लेखकूस न समजलेला शब्द तो समजणाऱ्या शब्दांत बदलतो. पाठभेदाचें बरेंचसें शास्त्र त्यावरच उभें आहे. हातालाहि तोच दोष आहे. अपरिचित आकार परिचित होतो, परिचिताचा अपरिचित क्वचितच होतो. म्हणून स्मरणचित्रांत एखादी विचित्र, अडचणीची, चित्रास शोभा न देणारी वस्तु दिसली, तर ती खरी असण्याचा संभव अधिक. पाठचिकित्सेंत कठीण पाठास आपण जो मान देतों तोच येथें द्यावा.

८. एवढें लिहिल्यावर आपली स्वतःची परीक्षा न घेणें योग्य दिसेना. प्रस्तुत लेखकाचें आजोळ तामलवाडी. हें गांव तुळजापूर तालुक्यांत, सोलापुराहून तुळजापुरास जाणाऱ्या हमरस्त्यावर आहे. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत तें निजामाच्या राज्यांत होतें. कोजागिरीच्या सुमारास तुळजापुरास पायीं जाणाऱ्या यात्रेकरूंची रीघ त्या रस्त्यानें रात्रंदिवस चाललेली असते. हमरस्ता आतां चौपदरी झाला आहे आणि गांवाजवळ पथकर-नाका आहे. चाळीसएक वर्षांपूर्वीं ज्या घरीं माझ्या सुट्या गेल्या तें काळ्या दगडाचें, पांढऱ्या मातीचें, माळवदाचें घर. १९९३ च्या भूकंपानंतर भीतीनें माळवद उतरवून त्यावर पत्रे घातले. पुढें अर्धी भिंतहि गेली. त्या घराचें चित्र मीं पूर्वीं कधीं काढलें नव्हतें, व त्याचें छायाचित्रहि घरांत नाहीं. तेव्हां जाड कागद, टांक आणि काळी शाई घेऊन बसलों आणि ढेळजेपासून परसापर्यंत आठवेल तें काढलें. खोडावयाचें नाहीं असा नियम ठेविला.

नंतर तें चित्र तीन साक्षींशीं ताडून पाहिलें : शिल्लक राहिलेलें बांधकाम, घरांत असलेलें फसली १३४० (इ. स. १९३०-३१) चें मोडी वाटणीपत्र, आणि वृद्ध मामी. जें जुळलें तें असें : ढेळजेंतील दोन देवळ्यांच्या जागा, भिंतींतील बळदाचें तोंड व त्याची जमिनीपासूनची उंची, माळवदांत धूर व उजेडासाठीं ठेविलेल्या भोंकाची चुलीवरची जागा. हीं सर्व हाताच्या रोजच्या वापरांतलीं ठिकाणें आहेत. जें चुकलें तें असें : ढेळजेच्या पायऱ्या मीं सात काढल्या, त्या आहेत पांच. प्रत्येक पायरी उंच आहे. लहान मुलास त्या चढावयास जे श्रम पडले ते संख्येंत जमा झाले, असें मी समजतों.

दुसरी चूक अधिक बोधप्रद आहे. चौकांतला आड मीं ढेळजेंतून आंत शिरतां डाव्या हातास दाखविला. वाटणीपत्राप्रमाणें तो उजव्या हातास पडतो. चित्र पाहतांच मामी म्हणाल्या, “आड ह्या अंगाला नव्हता रे. तू चुलीपाशी बसून बघायचास, म्हणून तुला तसा दिसतोय.” त्यांचें म्हणणें खरें निघालें. चित्र मीं ढेळजेंतून काढीत होतों आणि आठवण स्वयंपाकघरांतून येत होती. म्हणजे ही चूक आडाविषयीं खोटी व पाहणाराविषयीं खरी आहे. साक्षीदार कोठें बसला होता हें तिनें सांगितलें. एखाद्या बखरींत डावी-उजवी बाजू उलटलेली आढळल्यास बखरकार कोणत्या गोटांत होता हा प्रश्न आपण विचारतोंच.

९. तिसरी चूक सांगण्यास संकोच वाटतो, परंतु ती लपविली तर या लेखास अर्थ राहणार नाहीं. वाटणीपत्रांत घराची चतुःसीमा दिली आहे, आणि तींत दक्षिणेस बोळ स्पष्ट लिहिला आहे. माझ्या चित्रांत तो बोळ नाहीं. तेथें मीं सलग भिंत काढली, तिच्यावर वेल चढविला आणि पुढें झाडें. बोळ गेला कोठें, याचा विचार करतां उत्तर फार वेळ शोधावें लागलें नाहीं. त्या बोळानें गांवकुसाबाहेरच्या वस्तीकडे जाण्याची वाट होती, आणि तिकडे जाऊं नये अशी आम्हां मुलांस ताकीद होती. जेथें जावयाचें नाहीं तें डोळ्यांनीं पाहिलें असूनहि पाहिलें नाहीं. आणि चाळीस वर्षांनीं शाईनें तेथें भिंत बांधली. ती रेघ काढतांना मला कसलीच शंका आली नाहीं. उलट साऱ्या चित्रांत तीच सर्वांत ठाम निघाली आहे.

स्मरणचित्राची खरी धास्ती येथें आहे. त्यांतल्या पायऱ्या-खिडक्या चुकल्या तर फारसें बिघडत नाहीं, त्या मोजतां येतात. परंतु ज्यांचें नांवच मनानें गाळलें त्यांची दाद चित्रांत लागत नाहीं. बालपणच्या गांवाचीं जीं गोड चित्रें आपण पाहतों आणि वाचतों त्यांत किती बोळ बुजविलेले असतील याचा अदमास यावरून करावा. हा दोष चित्रावरून कळत नाहीं. तो कळण्यास चतुःसीमेचा रुक्ष कागद लागतो, किंवा बोळाच्या पलीकडे राहणाऱ्या कोणाचें तरी स्वतःचें स्मरणचित्र लागतें. दुसरें साधन पहिल्याहून दुर्मिळ आहे, म्हणून अधिक मोलाचें. संग्राहकांनीं वाड्यांतल्या कागदांपुरतें समाधान मानूं नये, तें याच कारणासाठीं.

१०. हा प्रश्न आमच्या जिल्ह्यापुरता तरी निव्वळ हौसेचा नाहीं. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहांटे चारच्या सुमारास, गणेश-विसर्जनाच्या रात्रीं, किल्लारी-सास्तूरच्या परिसरांत भूकंप झाला. सुमारें ८,००० माणसें गेलीं, आणि लातूर व तत्कालीन उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांतील ५२ गांवें नव्या जागीं बसविण्यांत आलीं. नव्या गांवांचे रस्ते सरळ आहेत. जुन्या गांवांतील गढी, वेस, गल्ल्यांचीं वळणें, कोणाच्या घरास कोणाचें घर लागून होतें, हें आतां मुख्यतः माणसांच्या डोक्यांत आहे. त्या रात्रीं दहा वर्षांचीं असलेलीं मुलें आज चाळिशी ओलांडून गेलीं आहेत, आणि ज्यांनीं तीं घरें चालविलीं तीं माणसें थोडीं उरलीं आहेत. महसुली नकाशा शेताचा बांध दाखवील. आड कोणत्या अंगास होता हें तो दाखविणार नाहीं.

११. म्हणून असा कागद हातीं आल्यास काय करावें, याविषयीं चार सूचना करून हा लेख पुरा करतों. चित्राच्या पाठीवर, काढणाराचें त्या काळचें वय, तो घरांत कोणत्या नात्यानें राहत होता, घर सोडून किती वर्षांनीं चित्र काढलें, आणि समक्ष पाहून काढलें कीं आठवून, हें लिहून घ्यावें. एवढ्यानेंच निम्मी चिकित्सा होते. चित्रांतली चूक कळली तरी मूळ रेघ सुधारूं नये. दुरुस्ती वेगळ्या कागदावर, कोणाच्या सांगण्यावरून केली तें नमूद करून लिहावी, जसा पाठभेद तळटीपेंत देतों. एका घराचें चित्र एकाकडूनच घेऊन थांबूं नये. बहीण, सून, गडी, शेजारी यांच्याकडूनहि घ्यावें, मग तीं चित्रें कितीहि ओबडधोबड असोत. आणि चित्रांत काय आहे याच्या यादीबरोबर काय नाहीं याचीहि यादी करावी.

माझें तामलवाडीचें चित्र मीं वाटणीपत्राच्या शेजारीं, त्याच रुमालांत बांधून ठेविलें आहे. सात पायऱ्या, डावीकडचा आड आणि दक्षिणेची भिंत तशींच आहेत. पाठीवर मामींची दुरुस्ती त्यांच्याच शब्दांत लिहिली आहे, आणि तिच्या खालीं एक ओळ माझी : दक्षिणेस बोळ होता.